‘मात्रा’ आणि ‘पातळी’: एक परिभाषाविचार

विषाणूरोधक औषध रक्तात किती आहे हे ज्या पद्धतीने मोजतात तिला मराठीत ‘द्रव वर्णलेखन’ असे नाव आहे. भाषेच्या अभ्यासकास ‘वर्णलेखन’ म्हणताच अक्षरे गिरविणे आठवते. परंतु तो दोष क्षम्य होय. मिखाईल त्स्वेत याने १९०६ साली मूळ नाव योजिले ते वनस्पतींतील रंगद्रव्ये खडूच्या स्तंभातून वेगळी होताना पाहून. (त्याच्या रशियन आडनावाचा अर्थही ‘रंग’च, हा योगायोग मौजेचा.) आज मोजावयाच्या औषधांना बहुधा रंगच नसतो. इफाविरेन्झ स्तंभातून किती वेळाने बाहेर पडते यावरून त्याची ओळख पटते आणि ते जंबुपार किरण किती शोषते यावरून त्याचे प्रमाण ठरते. म्हणजे नावातील रंग केवळ व्युत्पत्तीपुरता उरला. त्याने कोणाची दिशाभूल होत नाही.

‘मात्रा’ या शब्दाची गोष्ट मात्र निराळी आहे. ‘रुग्णाच्या रक्तातील औषधाची मात्रा वाढली’ या वाक्याचा अर्थ काय घ्यावयाचा? वैद्याने अधिक औषध दिले, की दिलेले औषध शरीरात साचले? आपल्या वैद्यकपरंपरेत मात्रा म्हणजे देण्याचे माप. ‘मात्रा लागू पडली’ असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. इफाविरेन्झची प्रौढांसाठी रूढ मात्रा रोज ६०० मिलिग्रॅम अशी होती. परंतु यकृतातील एका विकराच्या आनुवंशिक भेदामुळे तेवढ्याच मात्रेने दोन रुग्णांच्या रक्तात अगदी भिन्न प्रमाणे आढळतात. लिटरमागे १ ते ४ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा मानली गेली. त्याखाली विषाणू दबत नाही व औषधास दाद न देणारे त्याचे प्रकार बळावण्याचा धोका असतो. त्यावर भोवळ, निद्रानाश, दुःस्वप्ने यांचा त्रास संभवतो. मात्रा तीच असता पातळी बदलते, हेच तर या मापनाचे प्रयोजन! दोहोंस एकच शब्द योजिला की ते प्रयोजनच वाचकाच्या हातून निसटते.

‘संहति’ हा शब्द शास्त्रशुद्ध खरा, पण रुग्णाच्या हाती पडणाऱ्या अहवालात तो अडेल. तेथे ‘पातळी’च बरी, एकक मात्र सोबत हवेच.

‘रक्तातील’ हे पदही ढिलेच आहे. मोजतात ते रक्तद्रवात, म्हणजे रक्त गोठू न देता पेशी वेगळ्या काढल्यावर उरणाऱ्या भागात. गोठल्यानंतर सुटतो तो रक्तरस. अहवालात यांपैकी नेमके कोणते ते लिहिलेच पाहिजे.