अभिज्ञानानंतर : लखनौच्या दोन कादंबऱ्या

इ. स. १८९९ या एकाच वर्षी लखनौच्या दोन लेखकांच्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या : अब्दुल हलीम शरर यांची ‘फिरदौस-ए-बरीं’ आणि मिर्झा हादी ‘रुसवा’ यांची ‘उमराव जान अदा’. पहिलीची गणना ऐतिहासिक अद्भुतरम्य कादंबरीत होते, दुसरीची वास्तववादी कादंबरीत. ही विभागणी सोयीची असली तरी तिच्यामुळे एक साम्य नजरेआड होते. समाजमान्य चौकटीबाहेरचे प्रेम आणि झाकलेली ओळख ही दोन्ही संहितांची समान सामग्री आहे. त्या वेगळ्या होतात त्या ओळख पटल्यानंतरच्या टप्प्यावर.

स्कॉटची ‘टॅलिस्मन’ वाचून शरर यांनी तिला प्रत्युत्तर म्हणून ‘मलिक-उल-अझीझ वर्जिना’ (१८८८) लिहिली आणि धर्मयुद्धांच्या पार्श्वभूमीवर मुस्लिम राजपुत्र व ख्रिस्ती राजकन्या यांना एकत्र आणले. त्याच सुमारास मराठीत हरिभाऊ आपटे मेडोज टेलरच्या आधारे ‘म्हैसूरचा वाघ’ (१८९०) लिहीत होते. इंग्रजी नमुन्याशी झगडा दोन्हीकडे होता. ‘फिरदौस-ए-बरीं’मध्ये विवाहापूर्वीच एकत्र प्रवासाला निघालेल्या हुसेन आणि जमुर्रद यांची ताटातूट होते. ती मेली असे समजणाऱ्या हुसेनला तिची पत्रे येतात, थेट स्वर्गातून. त्या स्वर्गाच्या ओढीने तो आपल्या गुरूचाही खून करतो. वस्तुतः हा स्वर्ग म्हणजे अलामूतच्या बातिनी पंथाने रचलेली बाग आहे. येथे बुरखा स्थळाने पांघरला आहे. १२५६ साली मंगोलांनी अलामूत पाडले, की कादंबरीतली फसवणूकही संपते आणि प्रेमिक एकत्र येतात. ज्ञान झाले की प्राप्ती होते, हे ‘शाकुंतला’पासून परिचित असलेले अभिज्ञानाचे तत्त्व शरर यांनी निष्ठेने पाळले आहे.

रुसवांनी तेच तत्त्व उलटवले. फैजाबादची अमीरन वडिलांवरच्या सुडापोटी पळवली जाते, लखनौला खानमच्या कोठ्यावर विकली जाते आणि ‘उमराव’ होते. नाव बदलणे हा येथे वेषांतराचा डाव नसून व्यवहाराचा भाग आहे. तिला पळवून नेणारा प्रियकर फैज अली प्रत्यक्षात दरोडेखोर निघतो. म्हणजे रम्यकथेतला गुप्त नायकही येथे हजर आहे, पण त्याचे रहस्य उघडताच त्याची रवानगी कैदेत होते. १८५७च्या उलथापालथीनंतर उमराव फैजाबादला, आपल्याच मोहल्ल्यात गायला जाते. आई तिला ओळखते. अभिज्ञान घडते, तेही मातृत्वाच्या साक्षीने. तरीही घराचे दार उघडत नाही. भाऊ तिच्या जिवावर उठतो. तिच्यासोबत विकली गेलेली रामदेई मात्र एका नवाबाच्या घरी पडून बेगम होते. दोघींच्या गुणांत फरक नाही, गिऱ्हाइकात आहे. या एका जोडीने रुसवांनी रम्यकथेच्या न्यायावर जे भाष्य केले आहे, ते स्वतंत्र निबंधातही साधले नसते.

‘रुसवा’ म्हणजे बदनाम. हे नाव धारण करणारा निवेदक उमरावची कहाणी ऐकतो, मध्ये प्रश्न विचारतो, तिला छेडतो. त्याच वर्षीच्या ‘जुनून-ए-इंतजार’मध्ये रुसवांनी उमरावच्या हाती लेखणी देऊन आपल्याच प्रेमप्रकरणाचा बोभाटा करवला. तो विनोद म्हणून सोडून देता येत नाही : दुसऱ्याची ओळख उघडी करणाऱ्याला स्वतःची झाकून ठेवण्याचा हक्क आहे काय, असा प्रश्न त्यामागे आहे.

या पार्श्वभूमीवर ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ (१९७२) पाहण्यासारखी आहे. मस्तानीची ओळख कोणापासून लपलेली नाही. छत्रसालाशी असलेले तिचे नाते पुण्याला ठाऊक आहे. उघड करण्याजोगे काहीच नसल्याने या कथेत अभिज्ञानाला जागा उरत नाही, फक्त नकाराला उरते. इनामदारांची सहानुभूती निःसंशय आहे. पण कादंबरीचे शीर्षक बाजीरावाचे आहे, मस्तानीकडे पाहणारी दृष्टीही बहुतांशी त्याचीच. उमरावला जसे निवेदन मिळाले तसे मस्तानीला मराठी कादंबरीने येथे दिलेले नाही. बाजीरावामागे १७४० सालीच ती गेली. तिच्या मुलाला जन्मतः कृष्णराव म्हटले गेले, पुढे तो समशेर बहाद्दर म्हणून वाढला आणि १७६१ साली पानिपतानंतर मरण पावला. तो त्याच पेशव्यांच्या बाजूने लढला होता.