रॉकेट कुणाच्या पडद्यावर बघावं?

श्रीहरिकोट्याहून रॉकेट सुटतं तेव्हा आग, धूर आणि गडगडाट हा सगळा मामला फार तर दोन-तीन मिनिटांचा. मग त्याचा ठिपका होतो आणि कॅमेऱ्याच्या हाती काही राहत नाही. खरी धाकधूक तिथून पुढे सुरू होते. म्हणून कुणाचं प्रसारण लावायचं हे ठरवताना माझी कसोटी एकच असते: ठिपका दिसेनासा झाल्यावर पडद्यावर काय उरतं?

वृत्तवाहिन्यांवर उरतो निवेदक. चार चौकटींत चार तज्ज्ञ, खाली धावती पट्टी आणि मागे एरवी युद्धाच्या बातम्यांना वाजवतात ते संगीत. टप्पा विलग झाल्याची घोषणा नियंत्रण कक्षातून येते, नेमकं तेव्हाच स्टुडिओतल्या पाहुण्याला 'काय भावना आहेत?' असं विचारलं जात असतं. हा पर्याय इथेच सोडून देऊ.

इस्रोचं स्वतःचं प्रसारण यूट्यूबवर असतं, दूरदर्शनवरही असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते रूक्ष वाटेल. हिंदी-इंग्रजी आलटूनपालटून निवेदन, सरकारी समारंभाचा बाज, मधूनच संगणकांपुढे पाठमोरी बसलेली माणसं. रॉकेटवर बसवलेल्या कॅमेऱ्यातली दृश्यं क्वचितच. पण या प्रसारणाचा प्राण आलेखात आहे. ठरलेल्या मार्गाची रेघ त्यावर आधीच आखलेली असते आणि यानाची प्रत्यक्ष वाट तिच्यावरून पुढे सरकत जाते. दोन्ही एकमेकींवर बसलेल्या असल्या की सगळं ठीक. मधूनमधून 'परफॉर्मन्स नॉर्मल' असं कुणीतरी सपाट आवाजात सांगतं आणि पुन्हा शांतता.

12 ऑगस्ट 2021 ची पहाट. 5 वाजून 43 मिनिटांनी जीएसएलव्ही-एफ10 हे रॉकेट निघालं. ईओएस-03 हा उपग्रह घेऊन. पहिला टप्पा बिनबोभाट पार पडला, दुसराही. साधारण पाच मिनिटांनी क्रायोजेनिक टप्प्याचं इंजिन पेटायला हवं होतं. ते पेटलं नाही. पडद्यावरची रेघ आखलेल्या वाटेपासून सुटली आणि खाली झुकू लागली. अधिकृत घोषणा व्हायची होती, तरी आलेख वाचता येणाऱ्या प्रेक्षकाला निकाल कळलेला होता. क्रायोजेनिक टप्प्यात बिघाड झाल्याचं आणि मोहीम पूर्णत्वाला गेली नसल्याचं थोड्या वेळाने मोजक्या शब्दांत सांगितलं गेलं. एका झडपेतल्या गळतीमुळे द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीतला दाब अपुरा राहिला होता, हे पुढे चौकशीतून बाहेर आलं. मला या प्रसारणात मोलाचं वाटतं ते हे की ती झुकणारी रेघ जगाला दिसली. अपयश सांगायला शब्द जुळवले जाण्याआधीच पुरावा प्रेक्षकापुढे होता.

यशाच्या दिवशीही हे प्रसारण जाणत्याला जास्त देतं. 14 जुलै 2023 ला दुपारी चांद्रयान-3 घेऊन एलव्हीएम3 निघालं. आधी एस200 हे दोन जाडजूड घन इंधनाचे बूस्टर पेटले. मधला एल110 टप्पा जमिनीवर पेटतच नाही, तो उड्डाणानंतर सुमारे 108 सेकंदांनी, हवेत असताना पेटतो. त्याची घोषणा कानावर पडली की मराठी माणसाने जरा ताठ बसावं. एस200 च्या कवचाचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला घडतात आणि एल110 ची विकास इंजिनं बनवण्यात विक्रोळीच्या गोदरेजचा हात आहे. हे प्रसारणात कुणी सांगत नाही, आपलं आपण ठाऊक करून घ्यावं.

स्पेसएक्सचा थाट निराळा. यानाचा वेग, उंची, पुढच्या टप्प्यांची कमान, सगळं पडद्याच्या तळाशी नीट मांडलेलं. निवेदक मात्र कंपनीचेच, त्यामुळे उत्साहाला खळ नाही. 20 एप्रिल 2023 ला टेक्सासच्या बोका चिकाहून कंपनीचं स्टारशिप रॉकेट पहिल्यांदा पूर्ण जोडणीसह उडालं. कोपऱ्यात 33 इंजिनांची 33 वर्तुळं होती. काही पेटलीच नाहीत, काही वाटेत विझली. टाळ्यांचा कडकडाट चालूच होता आणि प्रेक्षक वर्तुळं मोजत होते. चार मिनिटांच्या आत यान गिरक्या घेत नष्ट झालं. निवेदनात काहीही म्हणोत, वर्तुळं झाकली नाहीत, म्हणून या कंपनीच्या प्रसारणाला माझ्या लेखी मान आहे. पुढे 6 जून 2024 च्या चौथ्या उड्डाणात तर परतणाऱ्या यानाचा पंख जळून झिजताना थेट दिसला, कॅमेऱ्याची काच तडकली तरी चित्र येत राहिलं.

फक्त हे प्रसारण 2023 पासून एक्सवर गेलं आहे. यूट्यूबवर स्पेसएक्सच्याच नावाने, कंपनीचा प्रमुख इलॉन मस्क याचा बनावट चेहरा लावून, क्रिप्टो दुप्पट करून देणाऱ्या वाहिन्या नेमक्या उड्डाणाच्या वेळी उगवतात. तिकडे फिरकू नये.

रॉकेटचा आवाज ऐकायचा असेल तर मात्र नासास्पेसफ्लाइट किंवा एव्हरीडे ॲस्ट्रोनॉट या यूट्यूब वाहिन्या. पहिलीच्या नावात नासा असलं तरी दोन्ही स्वतंत्र आहेत. आठेक किलोमीटरवर माइक ठेवला असेल तर आवाज पोचायला तेवीस-चोवीस सेकंद लागतात. तेवढा वेळ रॉकेट मुकाट चढत राहतं, मग तडतड सुरू होते आणि ही मंडळी ती ऐकू देतात. स्टारशिपच्या त्या एप्रिलमधल्या उड्डाणात प्रक्षेपणतळाचं काँक्रीट उखडून उडालं आणि नासास्पेसफ्लाइटने कॅमेऱ्यांसह उभी केलेली गाडी चेपली गेली. धोका पत्करून मिळवलेली ही दृश्यं कंपनीच्या पडद्यावर सापडत नाहीत.

नासाचं म्हणाल तर नासा प्लसवर फुकट, बिनजाहिरातीचं, सभ्य प्रसारण मिळतं. घरात मुलं असतील तर तेच लावावं, समजावून सांगण्याची त्यांची हातोटी चांगली आहे.

स्टारशिपसाठी मी दोन खिडक्या उघडतो: चित्राला आणि आकड्यांना स्पेसएक्स, आवाजाला नासास्पेसफ्लाइट. दोन्ही प्रसारणं प्रत्यक्षापेक्षा मागे असतात, पण सारखी मागे नसतात. जे पुढे असेल ते काही सेकंद थांबवून दुसऱ्याशी जुळवून घ्यावं लागतं, आणि हे काम उलटी गणती संपायच्या आत उरकावं लागतं.