सोन्याचे चित्र आणि जळालेली कणगी

'वुमन इन गोल्ड' (2015) हा सायमन कर्टिस यांचा चित्रपट आपल्या कार्यकर्त्यांनी अवश्य पाहावा. मात्र डोळे दिपू देऊ नयेत. 1938 साली नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि मारिया आल्टमन ही ज्यू तरुणी नवऱ्यासह व्हिएन्नातून पळाली. क्लिम्टने 1907 साली रंगविलेले तिच्या काकूचे सोनेरी चित्र मागेच राहिले. म्हातारपणी तिने ऑस्ट्रिया सरकारशी झुंज दिली. 2006 साली लवादाने पाच चित्रे वारसांच्या हवाली केली.

या चित्रपटाची मर्यादा उघड आहे. ज्यांच्या भिंतीवर क्लिम्ट नव्हता, ज्यांचे शिवणयंत्र वा हातगाडी गेली, ते असंख्य गरीब ज्यू पडद्याबाहेरच राहतात. बाजारात ज्याला मोल आहे त्याचेच हरवणे मोठे, ही दृष्टी प्रस्थापितांची आहे.

तरीही एका गोष्टीसाठी हा चित्रपट आपल्या कामाचा आहे. मारियाला न्याय अश्रूंनी मिळाला नाही, कागदांनी मिळाला. 1938 सालीच नाझींनी ज्यूंना पाच हजार मार्कांवरील मालमत्ता जाहीर करायला भाग पाडले होते. लुटीसाठी केलेल्या अशा नोंदी पुढे अनेकांना लुटीचा पुरावा म्हणून उपयोगी पडल्या.

आमच्याकडे काय आहे? 1948 च्या पोलीस कारवाईनंतर सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा, समावेश केला. मुसलमान कुटुंबांच्या कत्तलीचा आणि लुटीचा तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटविल्या गेल्या. जाळणारा यादी करीत नाही. धान्याची कणगी, पितळेचा हंडा, पोराची पुस्तके, बाबासाहेबांची तसबीर यांचे मृत्युपत्र नसते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या गायरानाचाही अनेकांकडे सातबारा नसतो. ज्याला मालकीच नाकारली, त्याच्या लुटीला लूट म्हणायचे कोणी?

म्हणून ही यादी आपणच केली पाहिजे. कळंब, भूम, परंडा, तुळजापूरच्या विद्यार्थ्यांनी म्हाताऱ्या माणसांपुढे वही घेऊन बसावे आणि एकेक हंडा, एकेक पुस्तक नावानिशी लिहून घ्यावे. साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत. चित्रपट पुढे कोणी काढेल, न काढेल. नोंद मात्र आजच झाली पाहिजे.