पडद्याचा उजेड आणि चित्राचा न्याय

जुना दस्तऐवज न्यायालयापुढे आला म्हणजे वकील प्रथम एकच प्रश्न विचारतो : हा मूळ की नक्कल? नक्कल पुष्कळदा अधिक सुवाच्य असते, तिचा कागद पांढरा असतो. तेवढ्यावरून ती मुळाहून अधिक विश्वसनीय ठरत नाही. हातात धरून खेळावयाच्या जुन्या व्हिडिओ गेमसंबंधी हल्ली तरुण मंडळींत जी चर्चा चालते, तीत हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. जुनी यंत्रे उघडून त्यांत नवे झगझगीत पडदे बसवितात, जुना व नवा पडदा शेजारी ठेवून पाहतात, आणि जो अधिक उजळ तो अधिक चांगला, असा निकाल देऊन मोकळे होतात. या निकालावर प्रस्तुत लेखकास थोडे अपील करावयाचे आहे. विषय पोरांचा आहे हे मान्य. परंतु चित्र कसे पाहावे, हा प्रश्न पोरकट खास नव्हे.

१९९० नंतरच्या दशकात बेळगाव-निपाणीकडील मुलांच्या हाती जपानी यंत्र क्वचितच पडले. आमच्या वाट्यास आला तो जत्रेत व बाजारात मिळणारा ‘ब्रिक गेम’. त्याच्या पडद्यावर आडवे दहा व उभे वीस, असे एकूण २०० चौकोन काचेतच घडविलेले असत. जो चौकोन काळा व्हावयाचा तो काळा होई. उरलेले, यंत्र जरा तिरपे धरले की, फिकट सावलीसारखे दिसत. येथे चित्र आणि पडदा यांत भेदच नव्हता, म्हणून दर्जाचा वादही नव्हता. दिवे गेले की खेळ मात्र कंदिलाजवळ सरकून खेळावा लागे.

निंटेन्डो कंपनीच्या गेम बॉयची गोष्ट निराळी. १९८९ साली तो निघाला तेव्हा त्याच्या हिरवट पडद्यावर १६० गुणिले १४४ ठिपके होते, छटा अवघ्या चार, आणि स्वतःचा उजेड मुळीच नाही. त्याच वर्षी अटारी कंपनीने ‘लिंक्स’ आणि पुढील वर्षी सेगाने ‘गेम गियर’ काढला. दोहोंचे पडदे रंगीत व आतून उजळलेले. परंतु सहा सेल काही तासांतच संपत. गेम बॉय चार सेलांवर त्याच्या कितीतरी पट चाले. त्याचे जनक गुनपेई योकोई यांचा भर जुन्या, स्वस्त व पारखलेल्या साधनांचा नवा उपयोग करण्यावर होता. हा पडदा मंद होता. हलणारी आकृती मागे पुसट रेघ ठेवून जाई. हा दोष खराच. परंतु चाणाक्ष कारागिरांनी त्याच दोषाचा उपयोग करून घेतला. एखादी आकृती एका क्षणी दाखवावी, दुसऱ्या क्षणी लपवावी, असे अखंड केले म्हणजे मंद पडद्यावर ती धुक्यासारखी अर्धपारदर्शक भासे. आजच्या चपळ पडद्यावर तीच आकृती नुसती लुकलुकते. नक्कल स्वच्छ निघाली, पण मुळातील धुके त्यात उतरलेच नाही.

याहून बोलका पुरावा २००१ च्या गेम बॉय ॲडव्हान्सचा आहे. त्यावर हजारो रंग उमटत, पण पडद्यास उजेड नव्हताच. त्याच वर्षी कोनामी कंपनीचा ‘कॅसलव्हेनिया : सर्कल ऑफ द मून’ हा खेळ आला. काळोख्या किल्ल्याची त्यातील चित्रे या पडद्यावर इतकी अंधारी दिसत की खेळणारा खिडकी शोधीत फिरे. २००२ साली त्याच मालिकेत ‘हार्मनी ऑफ डिसोनन्स’ आला, तेव्हा कर्त्यांनी रंग भडक केले आणि नायकाभोवती निळी कडा काढली. २००५ मध्ये ॲडव्हान्स एसपीस मागून उजळणारा पडदा मिळाला, आणि निकाल उलटला : पहिला खेळ गंभीर व देखणा दिसू लागला, दुसरा बटबटीत. दोन्ही खेळांतील एकही ठिपका बदललेला नव्हता.

गाभाऱ्यातील काळ्या पाषाणाच्या मूर्तीविषयी आपणांस हे निराळे सांगावयास नको. समईचा उजेड बाजूने येतो, म्हणून पापणीची कड व ओठांची रेषा उठून दिसते. समोरून विजेचा झोत टाकला की तोच चेहरा सपाट होतो.

नव्या यंत्रांस सरसकट दोषी ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. २०२१ सालच्या ‘ॲनालॉग पॉकेट’चा पडदा १६०० गुणिले १४४० ठिपक्यांचा आहे, म्हणजे गेम बॉयचा एक ठिपका तेथे बरोबर दहा गुणिले दहाचा चौकोन होतो, आणि जुन्या पडद्याची जाळी व हिरवट छटाही त्यात हुबेहूब उतरविता येते. ॲडव्हान्सचे चित्र २४० गुणिले १६० चे असल्यामुळे तेथे हिशेब नेमका बसत नाही. सहा पट करून कडेस काळी पट्टी सोडावी लागते. चित्र ताणून ती पट्टी भरणारास कोणतीही सबब उरत नाही. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना उजेड हवा, ही अडचणही खरीच.

म्हणून गेम बॉयचे खेळ आम्ही मूळ यंत्रावर, सकाळी ओसरीवरील उन्हात खेळतो. ‘सर्कल ऑफ द मून’ मात्र मागून उजळणाऱ्या पडद्यावरच, आणि तोही रात्री.