गृहवस्तूंचे छायाचित्रण : प्रकाश आणि अर्थ

घरातील नित्याच्या वापराच्या वस्तूचे छायाचित्र घेणे हे वरवर पाहता सोपे काम होय. तथापि वस्तूवर प्रकाश कोणत्या दिशेने पाडावा हे ठरविताच छायाचित्रकार तिच्याविषयी काही विधान करीत असतो. या विधानाचे स्वरूप साहित्यशास्त्रातील शब्दशक्तींच्या परिभाषेत स्पष्ट करता येते.

भाषाभ्यासकांना परिचित असलेले उदाहरण ग्रियर्सन यांचे आहे. 'बिहार पेझंट लाइफ' (१८८५) या ग्रंथात त्यांनी शेतीतील व घरसंसारातील वस्तूंची लोकव्यवहारातील नावे संगृहीत केली आणि स्वतः घेतलेल्या छायाचित्रांवरून सिद्ध केलेली चित्रे त्यांना जोडली. येथे चित्राचे कार्य अभिधेचे आहे. नावाचा वाच्यार्थ डोळ्यांपुढे ठेवला की ते संपते. वॉकर एव्हन्स यांनी १९५५ साली 'फॉर्च्यून' मासिकात पक्कड, पाना, थापी अशा साध्या हत्यारांची जी चित्रे प्रसिद्ध केली, तीही याच कुळातील. मोकळी पार्श्वभूमी व समतोल प्रकाश यांमुळे तेथे केवळ आकार बोलतो.

याच्या उलट टोकाला मॅन रे यांचे १९१८ मधील चित्र आहे. अंडी फेटण्याचे एक हातयंत्र टांगून त्यावर एका बाजूने तीव्र प्रकाश टाकलेला आहे. वस्तूइतकीच ठळक अशी तिची सावली शेजारी उमटली आहे. चित्रास नाव दिले 'पुरुष'. पुढे त्याच चित्राच्या एका प्रतीस 'स्त्री' हे नाव मिळाले. नाव उलटले तरी चित्राचे काही बिघडले नाही, यावरून त्याची व्यंजना शीर्षकात नसून सावलीत आहे हे सिद्ध होते. मात्र यंत्राचे चाक, मूठ व पाती स्पष्ट दिसतात म्हणूनच ती सावली अर्थपूर्ण ठरते. नवव्या शतकातील 'ध्वन्यालोका'त आनंदवर्धनाने हेच सांगितले आहे : ज्याला प्रकाश हवा तो दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो, तद्वत व्यंग्यार्थ इच्छिणाऱ्याने वाच्यार्थ जपावा. वस्तूची ओळखच पुसून टाकणारी प्रकाशयोजना या कसोटीस उतरत नाही.

परंतु समतोल प्रकाश म्हणजेच सत्य, असेही मानता येत नाही. वैजापूरसारख्या गावी जुन्या घरातील ताक घुसळण्याची लाकडी रवी घ्यावी. पातळ कापडातून गाळलेल्या प्रकाशात तिची लांबी, दांड्याची जाडी व खालच्या कातीव भागाची घडण नीट दिसेल. परंतु वर्षानुवर्षे दोर फिरून दांड्यावर पडलेले चर त्या प्रकाशात बुजून जातील. दिवा एका बाजूस, दांड्याला जवळजवळ समांतर ठेवला, तर प्रत्येक चराच्या काठाशी सावली धरते आणि घुसळण्याची क्रिया दृश्य होते. पहिले चित्र 'रवी' या नामाचा अर्थ देते, दुसरे 'घुसळणे' या क्रियापदाचा.

म्हणून जो प्रकाश केवळ कलात्मक मानून नोंदीच्या कामातून वगळला जातो, तोच येथे पुरावा ठरतो. विजेवरील यंत्रे आल्यापासून रवीचा वापर ओसरत आहे. वस्तू गेली की शब्द उरेल, पण त्यातील हातांचा व्यवहार कळणार नाही. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाने अशा गृहवस्तू जतन केल्या आहेत. गावोगावच्या वस्तूंची नोंद मात्र बव्हंशी छायाचित्रांवरच अवलंबून राहणार. ती नोंद करणाऱ्याने प्रत्येक वस्तूची किमान दोन चित्रे घ्यावीत, आणि दिवा कोठे होता हेही लिहून ठेवावे.