चौदा पिढ्यांची वीण

१७ डिसेंबरच्या मिस्सामध्ये मत्तयकृत शुभवर्तमानातील येशूची वंशावळी वाचली जाते. नाताळच्या पूर्वसंध्येच्या मिस्सासाठीही तोच उतारा नेमलेला आहे. पुष्कळांना तो नावांचा रुक्ष पाढा वाटतो. साहित्यकृती म्हणून पाहिले असता मात्र या सतरा वचनांची वीण विलक्षण घट्ट आहे.

अब्राहामापासून दावीदापर्यंत १४, दावीदापासून बाबेलच्या देशांतरापर्यंत १४ आणि तेथून ख्रिस्तापर्यंत १४ पिढ्या, असा हिशेब सुवार्तिक स्वतःच मांडतो (१:१७). तो ताडून पाहणारा वाचक मात्र अडखळतो. योरामानंतर थेट उज्जीयाचे नाव येते. पहिल्या इतिहास-ग्रंथातील (३:११-१२) अहज्या, योवाश व अमस्या हे मधले तीन राजे येथे नाहीत. शेवटच्या गटात यखन्याला पुन्हा मोजले नाही, तर तेराच नावे भरतात. मग शुभवर्तमान असत्य सांगते काय?

हा प्रश्न जन्मनोंदीच्या वहीला विचारावा. मत्तय ती वही लिहीत नव्हता. हिब्रू अक्षरांना संख्यामूल्य असते. दावीद या नावातील दालेत, वाव, दालेत यांची मूल्ये ४, ६ व ४, बेरीज १४. 'दावीदाचा पुत्र' ही पहिल्याच वचनातील घोषणा रचनेतही घुमावी, असा हेतू अनेक अभ्यासक येथे पाहतात. ग्रंथकाराचा आशय जाणण्यासाठी त्याचा साहित्यप्रकार लक्षात घ्यावा, हेच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या 'देई व्हर्बम' या दस्तऐवजाने शिकविले.

तथापि येथे विवेक हवा. योहानाच्या शुभवर्तमानातील १५३ मासे घ्या. १ ते १७ या अंकांची बेरीज १५३ होते आणि १७ म्हणजे दहा आज्ञा व पवित्र आत्म्याची सात दाने, असे संत अगस्तीन यांनी विवरण केले. ते मननास पोषक आहे. परंतु योहान स्वतः त्या संख्येचा अर्थ सांगत नाही. मत्तय मात्र आपली संख्या तीनदा उच्चारतो. ग्रंथकाराने विणलेला अंक आणि वाचकाने शोधलेला अंक यांतील हे अंतर पुसले, तर कोणत्याही ग्रंथातून काहीही सिद्ध करता येईल.

या रचनेचे खरे सामर्थ्य तिच्या सांध्यांत आहे. पहिला सांधा दावीदाच्या वैभवाचा, दुसरा बंदिवासाचा. राष्ट्राच्या सर्वनाशालाही मत्तय मोजणीत स्थान देतो. तामार, राहाब, रूथ व उरीयाची पत्नी या चौघी पित्यांच्या या एकसुरी यादीत अनपेक्षितपणे उभ्या राहतात, आणि शेवटी 'योसेफाला येशू झाला' असे न म्हणता सुवार्तिक मरियेकडे वळतो. इतका वेळ जपलेला साचा तो नेमका येथे मोडतो. कारण येथे जे घडते, ते केवळ वंशाने घडलेले नाही.

म्हणून पुढल्या वेळी ही नावे वाचली जातील, तेव्हा ती मोजावीत. आणि मोजणी जेथे थांबते, तेथे आपणही क्षणभर थांबावे.