तक्त्यात नसलेले तेल

चार स्ट्रोकच्या इंजिनाचा तक्ता विज्ञानाच्या शिक्षकांना नवा नाही. दट्ट्या, दोन झडपा, ठिणगीचा प्लग आणि चार अवस्था. आकृती नेटकी असते आणि विद्यार्थी ती हुबेहूब काढतातही. आमचा आक्षेप एवढाच की तीत वंगणाचा एक थेंबही नसतो. खरे इंजिन असे चालवले तर थोड्याच वेळात जाम होईल.

खानदेशातील शाळांना हा विषय जवळचा आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबची प्रशिक्षण-उड्डाणे धुळ्याजवळच्या गोंदूर धावपट्टीवरून झाली आहेत. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ साली उड्डाण प्रशिक्षणासाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगाव होते. सेसना १७२ सारख्या प्रशिक्षण विमानाचे इंजिन मूलतः तक्त्यातलेच असते. फक्त ते पाण्याने नव्हे, तर हवेने थंड होते.

अशा इंजिनात तापमान बरेच वरखाली होते, म्हणून दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यात फट थोडी अधिक ठेवावी लागते. दट्ट्याच्या रिंगांवरून थोडे तेल वर जाते आणि जळते. उलट दिशेने ज्वलनाचे वायू खाली उतरतात आणि श्वासनळीवाटे बाहेर पडताना तेलाचे तुषार सोबत नेतात. तेव्हा तेल घटले म्हणजे बिघाड झालाच, असे नाही. लायकमिंग कंपनीच्या सूत्रानुसार १६० अश्वशक्तीच्या इंजिनाला ताशी सुमारे अर्धा लिटर तेल ही कमाल मर्यादा आहे! मोटारीच्या मालकाला हा आकडा ऐकूनच घाम फुटेल. मात्र जाणकार एकट्या आकड्याकडे पाहत नाहीत, त्याचा कल पाहतात. दहा तासांत एक लिटर तेल घेणारे इंजिन चार तासांतच तेवढे मागू लागले, तर मर्यादेच्या आत असूनही ते तपासायला हवे. तेल काठोकाठ भरणे हाही उपाय नव्हे. जादा तेल श्वासनळीतून बाहेर पडून विमानाच्या पोटावर पसरते.

दुसरा आक्षेप आहे तो 'फिल्टरमुळे तेल शुद्ध होते' या सरधोपट वाक्यावर. फिल्टर धातूचे कण आणि कचरा अडवतो. ज्वलनातून आलेले पाणी, आम्ले आणि पेट्रोलचा अंश त्यातून आरपार जातात. काजळीचे अतिसूक्ष्म कणही तेलातच तरंगत राहतात. ते तसे राहावेत म्हणून तेलात मुद्दाम द्रव्ये मिसळलेली असतात. त्यामुळे काळे तेल नेहमी वाईटच असते असे नाही. म्हणूनच फिल्टर असला तरी दर ५० तासांनी, आणि नुसती जाळी असेल तर २५ तासांनी, तेल बदलण्याची शिफारस आहे. विमान उभेच राहिले तरी चार महिन्यांनी तेल बदलायचे, कारण पाणी आणि आम्ले यांचे काम थांबत नाही. काढलेला फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का, हेही पाहतात. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे, ते तिथे कळते.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. फिल्टर तुंबला तर एक बगल-झडप उघडते आणि न गाळलेले तेल इंजिनाला मिळते. घाण तेलाने झीज होते, पण तेलच नसेल तर इंजिन आकाशात बंद पडते. अभियंत्याला अनेकदा असा दोन वाइटांतला निर्णय आधीच घेऊन ठेवावा लागतो.

तक्ता बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. खडूने त्याखाली तेलाची टाकी, पंप, फिल्टर आणि श्वासनळी काढता येईल. वर्गात गढूळ पाणी आणि मिठाचे पाणी एकाच प्रकारच्या गाळणकागदातून गाळावे आणि विचारावे: कागदाने काय अडवले आणि काय जाऊ दिले? एवढे कळलेला विद्यार्थी वडिलांच्या मोटारसायकलचे तेल वेळेवर बदलायला लावील. पुढे वैमानिक झाला, तर उड्डाणापूर्वी तेलाची पट्टी काढून पाहणे हा उपचार न मानता ते मोजमाप म्हणून करील.